वाईटपणा

थँक्सगिव्हिंगला बहिणीच्या घरी जेवायला बसलं की दरवर्षी कोणीतरी मला विचारतंच, राष्ट्राध्यक्षांचा चीफ ऑफ स्टाफ नेमकं करतो तरी काय? मी तोंडातला घास संपवते आणि सांगते, "वाईटपणा घेतो." सगळे हसतात. त्यांना वाटतं, लोरेटा गंमत करतेय.

हार्लन कीओंची सेक्रेटरी म्हणून मी एकोणीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अडीच वॉशिंग्टनमध्ये, ते राष्ट्राध्यक्षांचे चीफ ऑफ स्टाफ असताना. त्यांची खोली आणि राष्ट्राध्यक्षांची खोली यांच्या मधोमध माझं टेबल. राष्ट्राध्यक्षांना भेटायचं तर आधी कीओंना पटवायचं. कागद पाठवायचा तर तोही त्यांच्याच हातून. त्यावर दोन्ही बाजू मांडलेल्या नसल्या, तर कागद माघारी जायचा, मग तो मंत्र्याचा असो की जनरलचा. एका जनरलसाहेबांनी माझ्या टेबलावर मूठ आपटली होती. माझी कॉफी सांडली, पण कागद काही आत गेला नाही.

राष्ट्राध्यक्ष म्हणजे गोड माणूस. नाही म्हणायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. एखादा सिनेटर आपल्या गावासाठी पूल मागायला आला की ते त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "माझ्या फार मनात आहे हो, पण हा हार्लन ऐकत नाही ना!" सिनेटर कीओंना शिव्या घालत आणि राष्ट्राध्यक्षांचे गोडवे गात परत जायचा. कोणाला कामावरून काढायचं असलं तर तेही कीओच करायचे. अडीच वर्षांत नऊ जण काढले. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष त्या प्रत्येकाला फोन करून म्हणायचे, "मला फार वाईट वाटलं रे."

"गावात तुम्हाला काय म्हणतात ठाऊक आहे का?" मी एकदा कीओंना विचारलं.

"काय म्हणतात?"

"चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

"म्हणजे काम बरं चाललंय," ते म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

बिनसलं ते रस्टीपायी. रस्टी हा राष्ट्राध्यक्षांचा मेहुणा. बागेच्या दाराने वेळ न घेता आत यायचा आणि कोणाचे तरी अर्धवट कागद सहीसाठी पुढे करायचा. "ह्याला आवर रे, रोज डोकं खातो माझं," असं राष्ट्राध्यक्षांनीच कीओंना सांगितलं, मी ऐकलंय. कीओंनी ते दार बंद करवलं. मग रविवारी सासरच्या मंडळींसमोर राष्ट्राध्यक्ष हात झटकून मोकळे. "मी काय करू? हार्लन कोणाला येऊच देत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की हळूहळू त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. हार्लनने आपल्याला कोंडून ठेवलंय, असं ते गंभीर चेहऱ्याने बोलू लागले.

मार्चमध्ये पेपरात आलं, कीओ जाणार. माझ्या टेबलावरच्या डोनटसाठी रेंगाळणारी मंडळी दुसऱ्याच दिवशी दिसेनाशी झाली. कीओ काही बोलत नव्हते, पण त्यांना राहायचं होतं. निदान पंधरा दिवस तरी. कोळशाच्या खाणीत काम करून छाती गेलेल्या माणसांना सरकारी खर्चाने औषधपाणी मिळावं, असा कायदा त्यांनी दोन वर्षं खपून मताला आणला होता. त्यांचे वडील वेस्ट व्हर्जिनियात त्याच खोकल्याने गेले. चार सिनेटर अजून कुंपणावर होते आणि ते कीओंशिवाय कोणाचं ऐकणारे नव्हते.

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी राष्ट्राध्यक्षांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मला वही घेऊन यायला सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की कोणालातरी काढायचंय.

"हार्लन, एका माणसाला सांगायचंय," राष्ट्राध्यक्ष म्हणाले. ते खिडकीपाशी उभे होते.

"बरं. कधी?"

"आजच. माणूस चांगला आहे रे. जुना आहे, कष्टाळू आहे. पण लोकांना तो नकोसा झालाय. तू नीट सांगशील. तुझ्याइतकं नीट कोणाला जमत नाही."

कीओंनी पेनाचं टोपण काढलं. "नाव?"

राष्ट्राध्यक्ष बागेकडे बघत राहिले. माळी झुडपं कापत होता, त्याच्या कात्रीचा आवाज आत येत होता. मी वहीतून मान वर केली नाही. समोरचा माणूस राष्ट्राध्यक्ष नसता तर मी वही फेकून मारली असती.

कीओंनी टोपण लावलं, मग परत काढलं.

"त्याला पंधरा दिवस मिळतील का, सर?" त्यांनी विचारलं. "खाणीच्या मतदानापर्यंत. नंतर तो स्वतःहून जाईल, कोणाला कळणारही नाही."

"रस्टी म्हणतो, घाव घालायचा तर एकदाच घालावा."

"रस्टीला विचारलं नाही मी. तुम्हाला विचारलं."

"मला तर वाटतं रे, द्यावेत पंधरा दिवस," राष्ट्राध्यक्ष कळवळून म्हणाले. "पण घरचे ऐकत नाहीत."

आता घरचे ऐकत नव्हते. कीओ मला म्हणाले, "लिहा, लोरेटा." त्यांनी स्वतःच्या राजीनाम्याचा मजकूर सांगितला, सहा ओळींचा, आणि त्यासोबतचा नेहमीचा कागदही. कीओंना ठेवण्याने काय होईल, काढण्याने काय होईल, असा दोन्ही बाजू मांडणारा. खाली सल्ला: काढू नये. मी बाहेर जाऊन टाइप करून आणलं.

राष्ट्राध्यक्षांनी कागद वाचला. "इथेसुद्धा तू विरोधच केलास?"

"माझं मत तेच आहे, सर."

कागदाच्या शेवटी खुणेसाठी चौकोन असत: मान्य, अमान्य, चर्चा करू. अवघड जागी राष्ट्राध्यक्ष नेमाने तिसऱ्यावर खूण करायचे आणि चर्चा कधी व्हायची नाही. त्यांनी चष्मा वर करून शोधलं.

"इथे दोनच आहेत रे."

"तिसरा मी काढायला लावला. ह्यावर चर्चा कोण करणार?"

राष्ट्राध्यक्षांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. "तू माझ्यावर रागावला नाहीस ना?"

"रागावलोय," कीओ म्हणाले. "खूण कुठेही करा, सर. पण ह्यावेळी तुम्ही करा."

राष्ट्राध्यक्षांनी खूण केली. राजीनामा मंजूर झाला.

कीओंचं सामान एका खोक्यात मावलं. कायद्याची फाइल त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, चारही सिनेटरांच्या घरचे नंबर वर चिकटवून. "त्यांना दुपारी फोन करू नका, झोपतात," एवढं बोलले. मला रडू फुटलं. ते म्हणाले, "लोरेटा, शिपाई बघतोय," आणि गेले.

अर्ध्या तासाने राष्ट्राध्यक्ष स्वतः दार उघडून बाहेर आले. चेहऱ्यावर हायसं वाटल्याची कळा होती.

"लोरेटा, हार्लनला जरा पाठवा. पत्रकारांना हे कसं सांगायचं, ते ठरवायला हवं."

"सर, ते गेले."

"गेले?" त्यांनी रिकाम्या खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरोखर दुखावल्यासारखे दिसले. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं कोणी, सर?" मी म्हटलं.