उभ्यानं माप

आधी मोज्याचा वास आला, मग माणूस. सोफ्यावर ऐसपैस टेकून त्यानं पाय तिच्यापुढे केला. मोज्याच्या भोकातून करंगळी बाहेर डोकावत होती.

"नऊ नंबर. काळा, लेसवाला," असं म्हणून त्यानं महागड्या मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"साहेब, उभ्यानं घालून बघा ना. बसून खरं माप कळत नाही," ती म्हणाली.

हे वाक्य तिनंच काढलेलं. सहाव्या महिन्यापासून कुल्ल्यात एक कळ उठायची आणि मांडीच्या मागून थेट टाचेत उतरायची. आता आठवा सरत आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सायटिका आहे, कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या, बाळंत झालात की बहुतेक जाईल, पण वाकू नका. आता बुटांच्या दुकानातल्या बाईला वाकू नका म्हणणं म्हणजे आचाऱ्याला शेगडीजवळ जाऊ नको सांगणं. सासूबाईंचं तर निराळंच. "होतंच. आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत हंडे वाहिले." त्या 'होतंच'ची तिला मोज्यांपेक्षा जास्त किळस यायची.

मालकांना सांगायची सोय नव्हती. आधीची विक्रीवाली असंच कंबर धरून म्हणाली होती, दुखतंय. मालक फार मायेनं बोलले, "घरी आराम करा. तब्येत आधी." ती आराम करून परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरी उभी होती. ती दुसरी म्हणजे हीच. म्हणून हिनं तोंडाला कुलूप घातलं आणि उभ्यानं मापाचं शास्त्र काढलं. गिऱ्हाइकं माना डोलवायची आणि उभं राहून आपली आपणच बुटात पाय सरकवायची. परवा तर मालकच कुणाला तरी ते ऐकवत होते, स्वतःच्या अकलेचं असल्यासारखं.

हा माणूस मात्र बधला नाही. "मला नका शिकवू, ताई. घाला तुम्ही."

गल्ल्यावरून मालकांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. झालं. तिनं सोफ्याची कड धरली, डावा गुडघा टेकला, मग उजवा. पोट मांड्यांवर आलं. श्वास रोखून तिनं ते दमट पाऊल बुटात सरकवलं, लेस बांधली, दुसरं पाऊल घेतलं. श्रीमंताच्या पायाला वास येत नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एक दिवस इथं येऊन बसावं. खाली बसावं, सोफ्यावर नव्हे.

ती उठायला गेली आणि कळ सणकून टाचेपर्यंत गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हाताला लागलं ते तिनं घट्ट धरलं. ते त्याचे घोटे होते. कपाळ त्याच्या गुडघ्यावर टेकलं.

तो चपापला. "अहो, हे काय? पाय कशाला धरता? घेतो मी. दोन जोड घेतो, बास?"

तिनं दात आवळले. तोंड उघडलं असतं तर किंकाळीच आली असती.

पुण्य पदरात पडल्याच्या चेहऱ्यानं तो दोन पिशव्या घेऊन गेला. मालक हात चोळत आले. "वा. याला म्हणतात विक्री. आता सगळ्यांना हेच करा. तुमच्या अवस्थेकडे बघून नाही म्हणायची कुणाची छाती आहे?"

बोटांना अजून तो वास होता. त्या माणसाची किळस आली, मालकांची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली, कारण कुणाला काही कळलं नाही म्हणून क्षणभर तिला बरं वाटलं होतं.

ती जाऊन सोफ्यावर बसली.

"अहो बाई," मालक हळूच म्हणाले, "सोफा गिऱ्हाइकांचा."

"गिऱ्हाईकच आहे मी. पाय सुजलेत माझे. सात नंबरची सपाट चप्पल दाखवा. पट्ट्याची."

"मग घ्या की. खालच्याच फळीवर आहे."

"मला वाकता येत नाही. दोन महिने झाले. उभ्यानं माप वगैरे सगळी थाप. आणि मघाशी मी पाय धरले नाहीत कुणाचे. पडत होते मी."

मालकांच्या चेहऱ्यावर ती जुनी माया पसरू लागली. "अहो, मग आधी सांगायचं. तब्येत आधी. उद्यापासून घरी आराम..."

"उद्याचं उद्या बघू. आत्ता चप्पल दाखवा."

मालकांनी दुकानभर नजर फिरवली. दुसरं कुणीच नव्हतं. गुडघे कडकडवत ते वाकले, खोकं काढलं, झाकण उघडलं आणि चप्पल तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. मग सरळ उभे राहून वाट बघू लागले.

तिनं उजवा पाय उचलून पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. कळ पुन्हा टाचेपर्यंत उतरली. पाय तिनं खाली घेतला नाही.