हॅडोंचा ‘पुढचा’

“ज्या दिवशी हॅडो तुझी चूक काढणार नाही ना, पोरी, त्या दिवशी कॅमेरा बाजूला ठेव आणि त्याच्या घरी जाऊन बघ.”

हे ग्लेनिसनं रोवेनाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. स्केलथॉर्प गावच्या गवताळ धावपट्टीच्या कुंपणाशी ग्लेनिसची चहाची टपरी होती, आणि कोण किती साखर घेतो इथपासून कुणाचं कुणाशी का बोलणं नाही इथपर्यंत सगळं तिला ठाऊक असायचं. रोवेना नुसती हसली. तिच्या डोक्यात त्या वेळी एकच माणूस होतं आणि ते बाबागाडीत झोपलेलं होतं. तान्ह्या लेकीचा, नेलचा श्वास चालू आहे ना हे ती दिवसातून वीसदा वाकून बघायची. त्यात आणखी एका म्हाताऱ्याची काळजी कुठं ठेवायची?

विमानांच्या नादाला ती लागली तीही नेलमुळंच. नवरा फर्गस समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. गावात ओळख ना पाळख. नेल घरात झोपायची नाही, पण कुंपणापाशी एखादं जुनं विमान फटफटत निघालं की पाच मिनिटांत डोळे मिटायची. मग बाळ झोपलेलं असताना उभ्या उभ्या करायचं काय? रोवेनानं कॉलेजातला कॅमेरा काढला. इतिहास शिकलेली मुलगी ती. दोन पंखांचं, कापड ताणून बसवलेलं, ऐंशी-नव्वद वर्षांचं विमान आजही उडतं याचंच तिला आधी नवल वाटलं, नंतर त्याची चटक लागली.

फोटो काढून विमानांचे फोटो काढणाऱ्यांच्या क्लबच्या ग्रुपवर टाकायचा, खाली विमानाचा प्रकार, नंबर, जागा आणि तारीख लिहायची, ही तिथली रीत. आणि दुपारच्या चहापर्यंत विल्फ्रेड हॅडोंचं उत्तर यायचं. हॅडो धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एकटेच राहायचे. पन्नास वर्षं त्यांनी विमानं टिपली होती. ते कुणाचं कौतुक करत नसत. चूक असेल तर ती सांगायची, आणि काहीच चूक नसेल तर एकच शब्द लिहायचा: ‘पुढचा.’ लोक त्या एका शब्दासाठी तडफडायचे. नॉर्विचच्या एका दंतवैद्यानं तर आपला पहिला ‘पुढचा’ छापून चौकटीत लावला होता म्हणे.

रोवेनाला तो कधीच मिळाला नव्हता. तिचा पहिलाच फोटो त्यांनी सोलून काढला. “नंबर वाचता येतो एवढ्यावरून विमान ओळखता येतं असं समजू नका, बाई. रंगातला नंबर म्हणजे अंगावरचा सदरा. मालकाला आवडेल तो घालतो. विमानाचं खरं नाव आत, कारखान्याच्या पट्टीवर.” आणि खरंच, इकडे जुनं विमान दुरुस्त करून उडवणारे त्याला युद्धातल्या कुठल्याही नामांकित तुकडीचा रंग देतात, नंबरही तिचाच. नवखा माणूस त्या सदऱ्याला फसतो. रोवेना तीनदा फसली आणि तिन्ही वेळा हॅडोंनी चारचौघांत कान उपटले. तिला राग यायचा. पण दिवसभरात तिच्याशी दोन ओळी बोलणारं मोठं माणूस तेवढंच होतं, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो टाकायची.

जून महिन्यात एका दुपारी पिवळ्या पोटाचं, हिरव्या-तपकिरी पाठीचं शिकाऊ वैमानिकांसाठीचं एक जुनं विमान उतरलं. खाली एकच पंख, लाकडी सांगाडा. असली उडणारी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. नेलचे दात येत होते, अंगात कणकण होती. रोवेनानं घाईघाईत चार फोटो काढले, घरी येऊन जुन्या नोंदीत नंबर शोधला, सापडला तसा लिहून टाकला. चहाच्या वेळेला उत्तर आलं.

‘पुढचा.’

नेलला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघरात नाचली. फर्गसला फोन लागेना, तर तिनं तो शब्द नेललाच मोठ्यानं वाचून दाखवला.

तिसऱ्या दिवशी नॉर्विचच्या दंतवैद्यानं ग्रुपवर लिहिलं, “बाई, तुम्ही भुताचा फोटो काढलात की काय? या नंबरचं विमान एकेचाळीस साली जळून खाक झालंय. नोंदीतला शेवटचा रकाना वाचत जा!” खाली वीस जणांचं खिदळणं.

रोवेना शरमेनं लाल झाली. शेवटचा रकाना तिनं खरंच वाचला नव्हता. सदऱ्याला ती चौथ्यांदा फसली होती. मग तिच्या हातातला कप तसाच राहिला.

हॅडोंनी हे कसं सोडलं?

तिनं ग्रुपवरच्या मागच्या नोंदी चाळल्या. तीन आठवड्यांत हॅडोंनी एकाचीही चूक काढली नव्हती. पुढचा. पुढचा. पुढचा. एकानं तर डावं-उजवं उलटलेला फोटो टाकला होता, त्यालाही पुढचा. आणि लोक खूश! “म्हातारा निवळला,” “शेवटी पाझर फुटला म्हणायचं,” “कुणीतरी त्याच्या चहात साखर घातली.” सत्तेचाळीस माणसं, आणि एकानंही दार वाजवलं नव्हतं. तिनंही नाही.

नेलला बाबागाडीत बसवून ती धावपट्टीला वळसा घालून हॅडोंच्या घरी गेली. दार उघडायला बराच वेळ लागला. हॅडो उंच, ताठ. पण सदऱ्याची बटणं एकेक घर चुकलेली. त्यांनी तिच्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघितलं.

“पाव तिथंच ठेवा पायरीवर.”

तेवढ्यात नेल केकाटली.

“पाव रडत नाही, मिस्टर हॅडो. मी रोवेना. भुतांचे फोटो काढते ती.”

ते बाजूला सरले.

आत दूध नासल्याचा वास होता. हॅडोंच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, कुठंतरी भाजलं असावं. संगणकावर तिचाच फोटो होता, पण इतका मोठा केलेला की पडदाभर नुसता पिवळा रंग.

“बाजूचं दिसतं,” ते खुर्ची चाचपत बसत म्हणाले. “मधोमध मात्र कुणी अंगठा टेकवून ठेवलाय. तुझ्या कॅमेऱ्याच्या काचेवर बोट उमटलं तर तू पुसतेस. हे कशानं पुसू?”

“मग बरोबर आहे असं का लिहिलंत?”

“चूक म्हटलं असतं तर कुठली ते सांगावं लागलं असतं, पोरी.”

ती काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हणाली, “आवाजावरून तर ओळखत असाल.”

“आवाजावरून इंजिन कळतं, विमान नाही. एकच इंजिन दहा तऱ्हांच्या विमानांत असतं. ही आंधळ्यांच्या सहाव्या इंद्रियाची भाकडकथा ग्लेनिसला सांग, तिला आवडेल.”

हळूहळू बाकीचं निघालं. एक डोळा गेलेला होता, त्याला इलाज नव्हता. दुसऱ्याला तेच दुखणं नुकतं सुरू झालं होतं. दर महिन्याला शहराच्या दवाखान्यात डोळ्यात सुई घेतली तर वाचण्याजोगा. त्यांनी दोन खेपा चुकवल्या होत्या. सुईची भीती नव्हती. तिथली नर्स विचारायची, घरी कोण असतं? स्वयंपाक कोण करतं? एकदा का तिनं कागदावर ‘एकटे’ लिहिलं की आपल्याला शहरातल्या वृद्धाश्रमात टाकतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. “तिथं खिडकीतून गाड्या लावायचं मैदान दिसतं. मी विचारून ठेवलंय.”

“आणि उद्या हाही डोळा गेला, तर इथल्या खिडकीतून काय दिसणार आहे?” रोवेना तापून बोलली. बोलल्यावर तिला वाईट वाटलं. ते मात्र पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड करून म्हणाले, “ही चूक बरोबर काढलीस.”

पुढच्या मंगळवारी तिनं त्यांना आपल्या मोटारीतून दवाखान्यात नेलं. नर्सनं कोण असतं विचारल्यावर ती म्हणाली, “मी येते.” खोटं नव्हतंच ते. जुलैत नेलं, ऑगस्टमध्ये नेलं. परतताना नेल मागे झोपायची आणि रोवेना ताजे फोटो तोंडानं सांगायची. हॅडो उलटतपासणी घ्यायचे. शेपटीपुढं पट्टी आहे? चाकावर टोपण? “नीट बघ. बघून सांग. अंदाज नको.” कधी घरी परतल्यावर तिच्या लक्षात यायचं की दिवसभरात नेल श्वास घेतेय का ते तिनं दोनदाच बघितलं.

आणि मग फर्गसची बदली झाली. दूर उत्तरेला शेटलंड बेटांवर, एक ऑक्टोबरपासून. ग्लेनिस गाडी चालवत नाही. क्लबातले बाकीचे गावात राहत नाहीत. रोवेनानं हॅडोंना सांगितलं, की मी तुमच्याबद्दल क्लबच्या मासिकात लिहिणार आहे.

“मी काय प्रदर्शनातलं विमान आहे, लोकांनी कुंपणाशी यायला?”

“लिहू की नको?”

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर काही उडत नव्हतं.

“लिही. पण तारखा चुकवू नकोस.”

तिनं लिहिलं ते असं:

“विल्फ्रेड हॅडो यांना एका डोळ्यानं दिसत नाही. दुसरा अजून हातात आहे. तुमच्यापैकी ज्यांना त्यांचा ‘पुढचा’ मिळालाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सव्वादहाला त्यांना शहराच्या दवाखान्यात पोचायचं असतं. मी एक ऑक्टोबरपासून इथं नसेन. धावपट्टीच्या उत्तर टोकाला, निळ्या दाराचं घर. नऊच्या आधी जा. जोरात वाजवा आणि थांबा, त्यांना यायला वेळ लागतो. ते म्हणतील, मी बसनं जाईन. मंगळवारी बस नसते.”