दक्षिण समुद्रातला निळा धागा

प्रज्ञा साळवेची अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी निवड झाल्याचं पत्र कॉलेजात आलं, ते १९९५च्या ऑक्टोबरात. प्राचार्यांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांच्या आधी मी उठले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. लोकांना वाटलं, बाईंना आपल्या विद्यार्थिनीचं केवढं कौतुक. मला मात्र ते ऐकवत नव्हतं.

मी पुष्पावती धनवटे. प्राणिशास्त्र शिकवायला लागून तेव्हा मला एकोणीस वर्षं झाली होती. प्रज्ञा तिसगावची, शेतमजुरी करणाऱ्या आईबापांची मुलगी. बी.एस्सी.ला ती माझ्याच हाताखाली शिकली. पाण्यात तरंगणारे बारीक जीव, ज्यांना आम्ही प्लवक म्हणतो, ते तलम जाळ्यानं कसे गाळायचे, हे मी तिला पुणतांब्याला गोदावरीत गुडघाभर पाण्यात उभं करून शिकवलं. पुढं ती गोव्याला गेली, समुद्रावर पीएच.डी. केली आणि आमच्याच कॉलेजात नोकरीला लागून माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. तिथवर मला काही खुपलं नव्हतं.

त्र्याऐंशी साली संशोधनाच्या जहाजावर बारा दिवस जायची संधी मलाही आली होती. घरच्यांनी सोडलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे मी घरी विचारलंच नव्हतं. आमचे हे, सूर्यभान, साखर कारखान्यात केमिस्ट. ते नाही म्हणाले नसते. भीती मलाच वाटली आणि नकाराचं पत्र मी माझ्या हातानं लिहिलं.

त्या दिवशी प्रज्ञा तासाला गेल्यावर एक सहकारी चहा फुंकत म्हणाले, "कोट्यातून लागली असेल." ती बौद्ध म्हणून हे बोलणं. या निवडीत कोटा नव्हता, तिचे तीन शोधनिबंध पाहून तिला घेतलं होतं, आणि त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. कुणीतरी तसं म्हणालं याचं मला बरं वाटलं.

डिसेंबरात तिचं जहाज गोव्याहून सुटलं. तिचे तास माझ्याकडे आले. मुलं रोज विचारायची, साळवे मॅडम आता कुठं पोचल्या असतील. मी नकाशावर बोट ठेवून दाखवायची. पुढं नगरच्या पेपरात तिचा फोटो छापून आला, जाड लाल कपड्यांतला, मागं बर्फच बर्फ. सूर्यभाननी तो कापून कौतुकानं माझ्यापुढं धरला. मी तो एका वहीत घातला आणि ती वही पुन्हा उघडली नाही.

एप्रिलात ती परत आली. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले आणि बरोबर दोन लाकडी पेट्या. मोठ्या पेटीत चाळीस बाटल्या होत्या. दक्षिणेकडच्या त्या गार समुद्रात चाळीस ठिकाणी जाळं टाकून गोळा केलेलं प्लवक फॉर्मॅलीनमध्ये घालून आणलेलं. प्रत्येक बाटलीतले जीव मायक्रोस्कोपखाली ओळखून मोजायचे होते. ती म्हणाली, "मॅडम, मोजणीला तुमच्यासारखी नजर मला गोव्यातसुद्धा भेटली नाही. सुट्टीत कराल का?"

मी लगेच हो म्हटलं. मला तिची चूक शोधायची होती.

मे महिनाभर मी रिकाम्या प्रयोगशाळेत पंखा बंद करून बसले, कारण वाऱ्यानं काचेवरचं पाणी सुकतं. घाम टिपत टिपत पहिल्या अठरा बाटल्या झाल्या. चूक सापडेना. तिनं जाळं कुठं टाकलं, किती वाजता टाकलं, पाणी किती गार होतं, सगळं टिपून ठेवलं होतं. तिचं सुबक अक्षर पाहून मला जास्तच राग यायचा.

एकोणिसाव्या बाटलीत निळा धागा दिसला. केसाहून बारीक, कोळंबीच्या पिलासारख्या एका जीवाच्या पायांत गुंतलेला. मी तो चिमट्यानं सोडवला आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेली सुई त्याला लावली. धागा आक्रसून त्याचा थेंब झाला. प्राणी असा वितळत नाही, शेवाळही नाही. ते प्लास्टिक होतं.

मला आनंद झाला. म्हणजे प्रज्ञाबाईंनी बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या, किंवा स्वेटरचे धागे पाण्यात पडू दिले होते. त्यानंतर मी जीव कमी आणि कचराच जास्त शोधला. बाविसाव्या बाटलीत पांढुरका कपचा मिळाला, सत्ताविसाव्यात आणखी दोन धागे. चाळीस बाटल्यांत असे अकरा तुकडे निघाले. ते सगळे मी एका काचनळीत जपून ठेवले.

मग गोव्याला तिच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना पत्र लिहिलं; तिचा मोहिमेचा अहवाल त्यांच्याकडेच जाणार होता. नमुन्यांत बाहेरचा कचरा आहे, हाताळणी निष्काळजीपणे झालेली दिसते, अहवाल स्वीकारण्याआधी विचार व्हावा. तीन वेळा कच्चं लिहून चौथ्यांदा पक्कं केलं. प्रज्ञाला मात्र मी फक्त जीवांचे आकडे दिले.

कॉलेज उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती प्रयोगशाळेत आली. हातात माझ्या पत्राची प्रत होती. गोव्याहून तिला कळवलं होतं की, खुलासा येईपर्यंत अहवाल थांबवला आहे आणि पुढच्या मोहिमेच्या यादीतही तिचं नाव तूर्त घेता येणार नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

वरिष्ठांना कळवणं माझं कर्तव्य होतं, असं काहीतरी मी म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं.

"लहान पेटीतल्या बाटल्या पाहिल्यात?"

"नाही."

"त्यात शुद्ध पाणी आहे, मॅडम. दर चौथ्या ठिकाणी त्याच जाळ्यातून, त्याच हातांनी मी शुद्ध पाणी ओतून वेगळं भरलंय. माझा कचरा असेल तर तो त्यातही सापडायला हवा. चिठ्ठी लावली होती मी पेटीवर."

चिठ्ठी मी वाचली होती. पेटी महिनाभर माझ्या पायाशी होती. मला हवं ते मिळालं होतं, म्हणून मी ती उघडली नव्हती.

आम्ही दोघी त्या दहा बाटल्या घेऊन बसलो. एक थेंब ती बघायची, मग तोच मी बघायची. चार दिवस कॉलेज सुटल्यावर हेच चाललं. एकाही बाटलीत धागा नव्हता, कपचा नव्हता. शेवटची बाटली संपल्यावर प्रज्ञा डोळे चोळत म्हणाली, "तिथं माणूस नाही, गाव नाही. आठ-आठ दिवस दुसरं जहाज दिसत नाही. आणि हे तिथं पोचलंय."

मग तिनं सहज विचारलं, गोदावरीच्या पाण्यात असं काही कधी दिसलं का. एक्क्याण्णवपासून माझ्या जाळ्यात असे धागे येत होते. मी ते चिमट्यानं उचलून टीपकागदावर टाकायची आणि कागद टोपलीत. एकदाही नोंद केली नाही. हे तिला सांगितलं तेव्हा पत्राबद्दलही सांगितलं. म्हटलं, "तू तिकडं गेलीस, हे मला सहन झालं नाही. म्हणून लिहिलं."

ती बराच वेळ मायक्रोस्कोपची काच पुसत राहिली. "लोक माझ्यावर संशय घेतात, त्याची सवय आहे मला," ती म्हणाली. "तुमच्या संशयाची नव्हती."

मी दुसरं पत्र लिहिलं. माझी तपासणी अर्धवट होती आणि ती असूयेपोटी केली होती, असं त्यात स्पष्ट घातलं. प्रज्ञानं ते वाचून असूयेचं वाक्य पेनानं खोडलं. म्हणाली, त्यांना फक्त तपासणीशी काम आहे. काचनळी आणि पत्र घेऊन मी स्वतः गोव्याला गेले. तिच्या मार्गदर्शकांनी तुकडे पाहिले, माझे आकडे पाहिले आणि तोंडीच विचारलं की पहिलं पत्र एवढ्या घाईनं का लिहिलं. मी खोडलेलं वाक्य त्यांना बोलून दाखवलं.

अहवाल स्वीकारला गेला, पण तोवर पुढच्या मोहिमेची यादी दिल्लीला गेली होती. तिच्या जागी दुसरं कुणी गेलं. सत्त्याण्णव साली गोव्याच्या एका पत्रिकेत दीड पानाचं टिपण छापून आलं, ध्रुवाकडच्या समुद्रात सापडलेल्या अकरा तुकड्यांवर. फारसं कुणी वाचलं नाही. लेखकांच्या जागी प्र. साळवे आणि पु. धनवटे अशी नावं होती. तिनं मला न विचारता माझं नाव घातलं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, माझं नाव दुसरं का. त्यानंतर आलं की मुळात ते असायलाच नको होतं. विचार याच क्रमानं आले.

पुढच्या वर्षी तिला गोव्यात नोकरी लागली. मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. सामान टपावर चढवून झाल्यावर तिनं हात जोडले. एरवी ती निरोप घेताना वाकून पायाला हात लावायची. पोचल्यावर पत्र टाक, असं मी म्हणाले. ती "टाकते" म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी थांबले, मग साडेअकराच्या तासाला कॉलेजकडं निघाले.