लिझलसाठी एक तास

या, असे पुढे सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर ऐकू येईल, पण पोचणार नाही. आज पेटी नाही, झांजा नाहीत. देवाचं नाव घेऊन नुसती हकिगत सांगतो. गोड नाही, हे आधीच बोलून ठेवतो.

दोन हजार सातच्या मे महिन्यात ठाणे, मुंबई आणि पेणची आमची बारा बेने इस्राएल मुलं-मुली जर्मनीला गेली. तरुण यहुद्यांनी तिकडच्या जुन्या खुणा एकत्र फिरून पाहाव्यात म्हणून एका संस्थेनं ही सहल आखली होती. सोबत वडीलधारं कुणी हवं म्हणून मला धाडलं. मी शिमशोन झिराडकर, रेल्वेतून निवृत्त आणि कीर्तनाचा वेडा.

बसमध्ये पोरं मला सोडत नसत. पेणचा एक पोरगा तर सारखा चिडवायचा. "काका, ड्रायव्हरच्या हातात टाळ द्या, म्हणजे तुमचं सुरू होईल!"

"होईल ना. तुला मागे उभं करतो, फक्त 'हो जी' म्हण. तेवढं तरी सुरात म्हण."

त्यांतच होती सिपोरा, माझ्या ग्रेटाकाकूंची नात. काकू मूळच्या स्टुटगार्टच्या. एकोणीसशे एकोणचाळीसमध्ये, सतराव्या वर्षी, एकट्या बोटीनं मुंबईला आल्या आणि पुढे माझ्या काकांशी लग्न करून ठाण्याच्या झाल्या. भाकरी थापायला शिकल्या, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायला शिकल्या. मागे राहिली धाकटी बहीण, लिझल. देश सोडायचे कागद एकीचेच झाले होते. दोन वर्षं रेड क्रॉसकडून तिच्या पंचवीस-पंचवीस शब्दांच्या चिठ्ठ्या आल्या, मग त्याही थांबल्या.

काकू सुतकाला कधी बसल्या नाहीत. "ती गेली असं मला कुणी सांगितलंय का?" म्हणायच्या. दर शुक्रवारी शब्बाथच्या दिव्यात लिझलच्या नावाची एक वात जास्त. जिवंत माणसासाठी.

निघताना त्यांनी सिपोराचा हात धरला. "तिथे गाडीत भरून नेलेल्यांच्या नावांची भिंत बांधलीय म्हणे. बघ. नाव असलं तरी सांग, नसलं तरी सांग. पंच्याऐंशीची झाले गं, आता वाट बघत मरायचं नाही मला."

स्टुटगार्टला आमच्यासाठी यशवंत सोनावणे आला होता. ठाण्याचाच, तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. पहिलं जर्मन काकूंच्या शिकवणीत शिकलेला. "आल्झो, म्हणजे असं की, त्यांनी माझे उच्चार घासूनपुसून घेतले म्हणून इथे उभा आहे," म्हणाला.

भिंत जुन्या मालधक्क्याजवळ आहे. रूळ तसेच, त्यांत गवत. इथूनच एक डिसेंबर एकेचाळीसला यहुद्यांना पूर्वेकडे रीगाच्या नाझी छावणीत नेणारी गाडी सुटली, असं आमची वाटाड्या बाई सांगत होती. बारा जणांनी भिंत वाटून घेतली आणि बोट फिरवत नावं वाचायला लागली.

सिपोराला पाचव्या मिनिटाला सापडलं. तिनं हाक मारली नाही. नुसतं बोट ठेवून उभी राहिली.

वाटाड्या बाईंजवळ जाड पुस्तक होतं. जन्मतारीख जुळली. पुढे लिहिलं होतं: रीगा. तिथून परत नाही. वय सोळा.

"मी सांगते आज्जीला," सिपोरा म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "ही बातमी सांगायची रीत असते."

आता माझी चूक ऐका. आमचे बुवा कीर्तनात मरणाची बातमी एकदम टाकत नाहीत. आधी म्हणतात, निरोप आला. मग एक पद. ऐकणारी पदर डोळ्यांपाशी नेते, तेव्हा कुठे उरलेलं सांगतात. मला तीच एक रीत ठाऊक. यशवंतचा मोबाइल घेतला आणि म्हणालो, "काकू, लिझलचा पत्ता लागला."

पलीकडे अशी किंकाळी! आनंदाची. "कुंदा! अगं कुंदा, लिझल सापडली!" कुंदा म्हणजे शेजारीण. "पोहे भिजत घाल, नारळ फोड. मलिदा करायचा आहे, सहासष्ट वर्षांचा नवस आहे माझा!"

पुढचं माझ्या तोंडून निघेना. "नंतर करतो फोन," म्हटलं आणि ठेवून दिला.

"काका, तुम्ही काय केलंत हे?" सिपोरा पांढरी पडली होती.

"तू सांग ना मग."

"आता सांगू? आता?"

जेवणाचे डबे तसेच राहिले. दोन तास ती रुळांच्या कडेनं चालत होती. मग माझ्याकडे न बघता फोन मागितला. काकू नारळ खवत होत्या, आवाज येत होता. सिपोरा म्हणाली, "आज्जी, खवणी खाली ठेव. लिझलचं नाव भिंतीवर आहे. ती एकेचाळीसमध्ये गाडीत होती. रीगाला गेली. परत आली नाही."

खवणीचा आवाज थांबला.

मग काकूंनी विचारलं, "शिमशोन आहे तिथे?"

"आहे, काकू."

"नियम काय आहे रे?"

त्यांना माहीत होता. माझ्याकडून ऐकायचा होता. मरणाची बातमी तीस दिवसांनंतर कळली, तर आमच्यात सात दिवस बसत नाहीत. जोडे काढायचे, खाली बसायचं, एक तास.

"एक तास, काकू."

"सहासष्ट वर्षांना एक तास." मग कुंदाला म्हणाल्या, "चपला काढून घे माझ्या. आणि ते पोहे पाखरांना घाल." फोन बंद झाला.

तीन वाजता बस पुढच्या गावी निघायची होती. सिपोरानं बूट काढले आणि रुळांजवळ खडीवर बसली. पेणचा तो चिडवणारा पोरगा तिच्या शेजारी बसला. मग एकेक करून सगळे. यशवंतनंही बूट काढले. ड्रायव्हरनं लांबून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं, ओठांवर आलंही होतं. पण त्या तासात गाणं नाही. उभ्या जन्मात मी इतका वेळ गप्प बसलो नव्हतो. दोन तास मी तिला जिवंत ठेवली होती, आणि आता बसून ते मोजत होतो.

ठाण्याला परतल्यावर पाया पडलो, तर काकू एवढंच म्हणाल्या, "खूप आनंदात होते रे ते दोन तास. ते द्यायला नको होतेस."

त्या शुक्रवारी दिव्यात एक वात कमी होती. पुढच्या पावसाळ्यात काकूही गेल्या. लिझलला डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी उरलं नाही.

म्हणून तुम्हाला बोलावलं. तासभर बसा म्हणत नाही. घरी दिवा लावाल तेव्हा तिची आठवण काढा. लिझल तिचं नाव. पुढच्या दोन दातांत फट होती आणि त्यातून ती शीळ घालायची, एवढंच काकू सांगायच्या. तेवढं ध्यानात ठेवा.