कपाळाला आठ्या घालणारी गिऱ्हाइकं

आमचा चिमण, म्हणजे माझा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानातला आमचा हुकमी एक्का. गिऱ्हाईक आत शिरलं की तोंडाकडे बघूनच ओळखायचा, याला चष्मा करायचाय की नुसत्याच चौकशा. आणि हाच चिमण हल्ली नंबर तपासता तपासता मध्येच उठून आत जाऊन बसायला लागला.

"ताई, तो माणूस माझ्यावर डूख धरून होता."

"अरे बाबा, शेवटची ओळ वाचताना सगळेच कपाळाला आठ्या घालतात! नीट दिसत असतं तर आपल्याकडे कशाला आले असते?"

हा विनोद मुळात त्याचाच. तरी तो हसला नाही. मला कोडंच पडलं. आठी तीच, मग याला वेगळं काय दिसतं? न राहवून एकदा त्याच्या स्टुलावर मीच बसले. समोर एकामागून एक माणसं डोळे बारीक करून रोखून बघायला लागली, तेव्हा खरं सांगते, मलाही ती चिडल्यासारखीच वाटली.

मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ या म्हटलं, तर म्हणाला, "तूही त्यांना सामील आहेस." मी मुळातली फटकळ, अशी भडकले म्हणता! पण भडकून काय होणार होतं?

मग आमचं ठरलं. शंका आली की त्याने विचारायचं, आणि मी खरं तेच सांगायचं.

"ही बाई रागावली?"

"नाही, तिला अक्षर पुसट दिसतंय."

"यांनी तोंड वाकडं केलं."

"फ्रेम नाकाला टोचली त्यांच्या."

तो मान डोलवायचा, पण विश्वास काही बसत नव्हता.

एकदा दोन कॉलेजच्या पोरी आल्या. चिमणने त्यातल्या एकीला तीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवली. दोघींनी एकमेकींना कोपरखळी मारली आणि फिसकन हसल्या. त्या गेल्यावर त्याने विचारलं, "मला हसल्या?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "तुलाच हसल्या, भवान्या मेल्या!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे बाकीच्या वेळी खरंच तसं नव्हतं?"

"नव्हतं रे."

त्याने हातातली काच पुसून ठेवली. "डॉक्टरीणबाईंकडे माझ्याशेजारी बसशील? त्यांचा चेहरा मला कळला नाही तर?"

"बसेन की!" म्हणताना माझा चेहरा पार वेडावाकडा झाला असणार, कारण तो एकदम बिचकला.

"चिडलीस?"

"नाही रे राजा, रडतेय."

"असं होय," तो म्हणाला आणि शटर ओढायला उठला.