सातव्या वेधशाळेचा दिवा

वेणीमाधव गायधनींच्या हाती द्राक्षांचा घड दिला की खायचं राहायचं बाजूला, आधी तपासणी सुरू व्हायची. भाचीने दिंडोरीहून पेटी पाठवली होती. ते डायनिंग टेबलाशी बसून एकेक मणी उजेडात धरत होते आणि जरा डाग दिसला की वेगळ्या वाटीत टाकत होते. समोर बसलेली त्यांची बायको इंदिरा ती वाटी चाचपडत स्वतःकडे ओढायची आणि आतले मणी मिटक्या मारत खायची.

"तुम्ही रद्द केलेलीच जास्त गोड असतात," ती म्हणाली.

त्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं त्यांनी टपाल तिकिटांचे छापील ताव तपासले होते. मंजूर नमुना डावीकडे, ताव उजवीकडे, मधे यांचे डोळे. रंग केसभर सरकला की लाल खूण. एखादा रंग छापायचाच राहिला असेल, जागा कोरी सुटली असेल, तर विचारसुद्धा करायचा नाही, ताव रद्द. घराणं तीर्थोपाध्यांचं, आजोबा यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं बाडांत उतरवायचे, तेव्हा खाडाखोडीचा तिटकारा रक्तातच होता म्हणा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी लग्नपत्रिका आली की आधी मजकूर तपासायचे आणि मग तारीख बघायचे.

इंदिराबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. काचबिंदूने आधी डावा डोळा नेला आणि सहा वर्षांपूर्वी उजवाही. त्यानंतर त्यांनी माणसांत जाणं जवळजवळ सोडलं होतं. कुणी "बिचाऱ्या बाई" म्हणालेलं ऐकू येतं, आणि हल्ली तर फारच स्पष्ट ऐकू येतं, असं त्या म्हणत. म्हणूनच कॉलनीतल्या वाचनालयाच्या यशश्रीने बोलावणं केलं आणि बाई चक्क हो म्हणाल्या, तेव्हा वेणीमाधवांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. यशश्री त्यांची जुनी विद्यार्थिनी. 'सातवी वेधशाळा' या कादंबरीला साठ वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता. कादंबरीवरून आधी मालिका, मग सिनेमा आणि अलीकडे वेब सिरीज झाली होती. त्या तिन्हींची तुलना बाईंनी करायची होती.

ही कादंबरी म्हणजे दोघांच्या संसारातलं तिसरं माणूस. पृथ्वीपासून फार लांबच्या एका चंद्रावर कृत्तिका नावाची बाई एकटीच वेधशाळा सांभाळते आहे. बाकीच्या सहा वेधशाळा गप्प झाल्यात. ही मात्र रोज संध्याकाळी अंधारात दिवा तीनदा लावते आणि विझवते. पलीकडच्या वेधशाळेपर्यंत उजेड पोहोचायला अकरा वर्षं, उत्तर यायला अकरा. बावीस वर्षांनी, कृत्तिका म्हातारी झाल्यावर, समोरच्या काळोखात एक बारीक हिरवा दिवा तीनदा लुकलुकतो आणि कादंबरी संपते. लग्न ठरल्यावर वेणीमाधवांनी इंदिरेला पहिली भेट दिली ती हीच, आणि तीही शुद्धिपत्रासकट.

भाषणाच्या आदल्या दिवशी जेवणं आटोपून बाई सांगत होत्या आणि ते वहीत उतरवून घेत होते.

"लिहा. मी ही वेधशाळा तीनदा पाहिली. पहिल्यांदा दोन डोळ्यांनी, दुसऱ्यांदा एका डोळ्याने आणि तिसऱ्यांदा आमच्या ह्यांच्या डोळ्यांनी."

 वेणीमाधवांनी अक्षर जरा जास्तच वळणदार काढलं.

बाई पुढे सांगू लागल्या. रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची ती मालिका. वेधशाळेचा घुमट म्हणजे चक्क पालथी घातलेली टोपली होती आणि चंद्रावरच्या खडकाला थर्माकोलचे दाणे सुटले होते. पण त्या नटीचा चेहरा! एका भागात ती पाच मिनिटं नुसती खिडकीत उभी होती, आणि कॉलनीतल्या एकाही घरातून आवाज येत नव्हता. एवढ्या थोडक्या सामानात एवढा एकटेपणा उभा करणाऱ्यांना आपला नमस्कार, असं बाई म्हणाल्या. मग तो मोठा हिंदी सिनेमा. त्यात कृत्तिकेला प्रियकर होता, दोन गाणी होती, शेवटी यान उतरून तिला घेऊन जात होतं. पुस्तकाशी ताडून चुका टिपायच्या वेणीमाधवांच्या तपासणीवहीत त्याच्या नावावर एकशे बारा चुका होत्या.

"असू देत," बाई म्हणाल्या. "लिहा. माझा डावा डोळा तेव्हा गेला होता आणि उजव्याला धुकं होतं. तरी त्या सिनेमातलं आकाश मला दिसलं. एवढं मोठं, एवढ्या रंगांचं की अधू डोळ्यालाही टाळता येऊ नये. मी शेवटचं पोटभर पाहिलेलं आकाश तेच. त्या लोकांचे उपकार मी कशाला विसरू?"

एकशे बारा चुका बाजूला ठेवून त्यांनी तेही लिहिलं.

"आता तिसरी. मोबाईलवर आली ती वेब सिरीज. ही तिन्हींत उत्तम. का, तर हिने शेवट जसाच्या तसा ठेवलाय. तो बारीक हिरवा दिवा. ह्यांनी मला सांगितला तेव्हा अंगावर काटा आला, अगदी पुस्तकातला दिवा..."

वेणीमाधवांचं पेन थांबलं.

सिरीजमध्ये तो हिरवा दिवा नव्हताच. गेल्या दिवाळीनंतर इंदिरेच्या शेजारी बसून ते भागामागून भाग बोलून दाखवत होते. शेवटच्या भागात कृत्तिकेचा दिवा विझला आणि पडदा काळा झाला, तो काळाच राहिला. त्यांनी आधी मोबाईल थोपटला. मग त्यांना वाटलं, विसरले लेकाचे. ऐन शेवटाचीच छपाई राहून गेली. आणि शेजारी इंदिरा श्वास रोखून विचारत होती, "आला का हो? उत्तर आलं का?" तेव्हा ते म्हणून गेले, "आला! हिरवा! एक... दोन... तीन!" कोरा ताव त्यांनी आयुष्यात कधी पुढे जाऊ दिला नव्हता. हा तर इंदिरेकडे जाणारा होता.

"हे वाक्य गाळू या का?" ते म्हणाले. "भाषण लांबतंय."

"अहो, त्या वाक्यासाठी तर भाषण!"

तेवढ्यात यशश्रीचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर घेतला. उद्या प्रत्येकातला एकेक तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवायचा, तर कुठले कुठले काढून ठेवू, असं ती विचारत होती.

"तिसऱ्यातला शेवट," बाई म्हणाल्या. "तो हिरवा दिवा लागतो ना, ते."

पलीकडून यशश्री गोंधळून म्हणाली, "दिवा, बाई? बरं... शेवटची पाच मिनिटं ठेवते." तिने फोन घाईने ठेवला.

वेणीमाधवांना उद्याचा कार्यक्रम डोळ्यांपुढे दिसू लागला. उद्या पन्नास-साठ माणसांसमोर बाई दिव्याचं कौतुक करणार, मागे पडदा काळा होणार, आणि पहिल्या रांगेतलं कुणीतरी हळूच म्हणणार, बिचाऱ्या बाई. सहा वर्षांनी उंबरठा ओलांडायला निघालेली ही बाई पुन्हा कधी घराबाहेर पडेल? गप्प राहावं तर हे, आणि बोलावं तर आपणच तिच्या नजरेतून उतरणार. नजरेतून, हा शब्द मनात आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते उठले, कपाटातून तपासणीवही काढली आणि उभ्यानेच वाचलं.

"इंदू, तिसरी. नोंद सत्ताविसावी. शेवट. पडदा कोरा. दिवा नाही."

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मग तुम्ही मोजलेत ते एक, दोन, तीन?"

"पुस्तकातले होते."

"म्हणजे थाप मारलीत."

"थाप नाही गं, दुरुस्ती..."

"दुरुस्ती!" बाई कडाडल्या. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तो आवाज. "मी तुमच्याकडे डोळे मागितले होते. तुमची लाल पेन्सिल कुणी मागितली होती? आणखी काय काय दुरुस्त केलंत?"

"कृत्तिकेचे केस. लांब पांढरे सांगितले. तिचे कापलेले होते."

"आणि गेल्या महिन्यात गॅलरीतल्या जास्वंदीला चार फुलं आली म्हणालात, ती?"

"ती आली होती!"

"खरं कशावरून धरू?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. "जास्वंदीला वासही नसतो हो."

 चौतीस वर्षांत वरिष्ठांनी वेणीमाधवांना कधी जाब विचारला नव्हता, आणि आता घरातच उलटतपासणी झाली. टेबलावर द्राक्षांच्या दोन वाट्या तशाच पडल्या होत्या. ते खाली मान घालून बसले. म्हातारपणी रडणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

शेवटी बाई म्हणाल्या, "लावा तो शेवटचा भाग. आणि दिसतं तेवढंच सांगा. कमी नाही, जास्त नाही."

त्यांनी लावला. सांगताना अडखळत होते, सवय नव्हती. तिचे केस कापलेत. हात थरथरतोय. खिडकीची काच तडकलेली आहे, हे मागच्या वेळी सांगितलं नव्हतं, पुस्तकात नाही म्हणून. दिवा एकदा लागला. दोनदा. तिसऱ्यांदा लागला आणि विझला.

"आता?"

"आता काही नाही."

"सांगा ना."

"अगं, काहीच नाही. काळं आहे. सगळं काळं."

"मग बोलू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्यांचा हात घट्ट धरला.

 मोबाईलमधून एक बारीक खरखर येत होती, जुन्या रेडिओसारखी. कृत्तिकेचा श्वास ऐकू येत होता. आणि मग फार लांबून, ठक. थोडं थांबून, ठक. आणि आणखी एकदा.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

वेणीमाधव आ वासून बसले होते. हे त्यांनी मागच्या वेळी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कसं, ते तर मोठमोठ्याने दिवे मोजत होते.

"उत्तर," ते म्हणाले. "उत्तर आलं, इंदू. आवाजाचं आलं."

"मला वाटलं होतं नळ टपकतोय. परत लावा."

त्यांनी परत लावला. पडदा काळा झाल्याचं त्यांनी सांगितल्यावर बाई मनातल्या मनात सेकंद मोजत राहिल्या. चाळीस झाले.

"एक सांगा," त्या म्हणाल्या, "ह्या चाळीस सेकंदांत तुम्हाला जे दिसतं, तेच मला दिसतं?"

"हो."

"यशश्रीला? सगळ्यांना?"

"सगळ्यांनाच. त्यात आणखी काहीच नाही."

बाईंचा चेहरा कसनुसा झाला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे, खरं सांगायचं, त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. "सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासारखं बघायला लावलं सगळ्यांना," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही नेमका तिथे दिवा लावलात!"

वेणीमाधवांनी वही उघडली, सत्ताविसावी नोंद खोडली आणि खोडलेलं दिसेल असंच ठेवलं. मग भाषणाचं शेवटचं पान फाडून नवं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंचा हात धरून गॅलरीत घेऊन गेले. "आज एकच आहे," ते म्हणाले, "आणि तेही किडलेलं. एक पाकळी अर्धी खाल्लीय." बाईंनी बोटांनी ती पाकळी शोधली आणि बराच वेळ सोडली नाही.

संध्याकाळी वाचनालयाची खोली भरली होती. टोपलीच्या घुमटाला लोक हसले आणि त्या नटीच्या चेहऱ्यापाशी गप्प झाले. सिनेमातल्या आकाशाबद्दल बाई बोलल्या तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी डोळे टिपले. मग बाई म्हणाल्या, "तिसऱ्याचा शेवट मी काल पहिल्यांदा पाहिला. पुस्तकापासून तो पार दूर गेलाय, आणि माझ्या मते पुस्तकाच्याही पुढे. ज्यांनी तो केला ते मला ओळखत नाहीत, पण मला वाटतं त्यांनी तो माझ्यासाठी केला. यशश्री, पडदे ओढ गं. दिवे घालव."

यशश्रीने ओढले. कृत्तिकेचा दिवा एकदा लागला, दोनदा लागला, तिसऱ्यांदा लागला आणि विझला. खोली गडप झाली. वेणीमाधव बाईंच्या शेजारी उभे होते. तोंडाशी आलेला शब्द त्यांनी गिळला.

दहा सेकंद गेले, मग वीस. खुर्च्या करकरू लागल्या. पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "काय झालं? चित्र गेलं का?"

"नाही गेलं," अंधारातून बाईंचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. "बघत राहा."