समासातली पेन्सिल

धुरपदाबाईची पिशवी चंद्रप्रभानं ओसरीवर पालथी केली. सात पुस्तकं पडली. हवं ते त्यांत नव्हतंच.

"परवा माझ्याकडून नेलेली जाड कादंबरी कुठं गेली?"

"ती व्हय? म्या दिली की शाळंतल्या शारदाबाईस्नी."

चंद्रप्रभानं रिकामी पिशवी पुन्हा एकदा झटकून पाहिली.

तुळजापुरात चांगल्या घरच्या बायका वाचनालयाची पायरी चढत नसत. धुरपदाबाई पुस्तकं घरपोच करी, आणि बायका समासात पेन्सिलीनं आपापलं मत लिहीत. खाली सही कुणी करत नसे, त्यामुळे मतं भलतीच परखड असत. या कादंबरीत दोन नायिका होत्या. एक भावाच्या सावलीतली, हळवी, कुणी हात धरल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी. तिच्यासाठी चंद्रप्रभा दोनदा रडली होती. दुसरी गरिबाघरची, हुशार, पुढं जाताना कुणाची भीड न ठेवणारी. तिच्या पानावर चंद्रप्रभानं ठसठशीत लिहिलं होतं, 'हुबेहूब आमची शारदा. हिलाही लाज म्हणून नाही.'

शारदा तिची बालमैत्रीण. सासर सोडून एकटीनं शिकली, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. आळी तिच्याबद्दल हेच बोलायची. पण आळीला शारदाकडून काही नको होतं. चंद्रप्रभाला हवं होतं. नवरा गेल्यापासून ती भावाकडे, नारायणरावांकडे होती. आता त्यांची बदली झाली होती, आणि 'तिथं जागा लहान आहे' एवढंच बोलून त्यांनी बहिणीची रवानगी लांबच्या मावशीच्या स्वयंपाकघरात ठरवली होती. सुटका एकच, शिक्षिकांचं ट्रेनिंग. त्याला मुख्याध्यापिकेची शिफारस लागे. तिनं धीर करून शारदाला निरोप धाडला होता. आठ दिवस उत्तर आलं नाही, त्या रागात पेन्सिल चालली होती.

संध्याकाळी शारदा आपण होऊन आली. हातात ट्रेनिंगचा फॉर्म होता आणि ती कादंबरी.

"उशीर झाला गं. याच्यासाठी उस्मानाबादला दोन खेपा माराव्या लागल्या."

चंद्रप्रभाला तिच्याकडे बघवेना. "कादंबरी वाचलीस?"

"वेळ कुठं मिळतोय? तशीच परत देऊन टाक."

चंद्रप्रभाचा जीव भांड्यात पडला. तिनं पुस्तक पटकन उचलून फळीवर मागं सारलं.

"काल शिक्षणखात्याच्या साहेबांपाशी तुझ्या अक्षराचं कौतुक करून आले," शारदा म्हणाली. "फळ्यावर शोभेल म्हटलं."

"शाळेतलं अक्षर ते. बारा वर्षं झाली, आता मोडलं असेल."

"नाही मोडलं." शारदा पेनाचं टोपण काढत होती. "तसंच आहे. वळणदार."

बारा वर्षांत चंद्रप्रभानं तिला एक ओळसुद्धा धाडली नव्हती. निरोपही तोंडीच गेला होता. मग शारदानं हे अक्षर पाहिलं कुठं? जमीन दुभंगली तर बरं, असं तिला वाटलं.

"शारदा, मी..."

"भर आधी. स्वतःच्या हातानं भरायचा असतो."

चंद्रप्रभा खाली मान घालून लिहीत गेली. नाव, वय, शिक्षण. शेवटचा रकाना शिफारस करणाऱ्याच्या नावाचा होता. तिथं तिचा हात थांबला. शारदानं फॉर्म तिच्याकडे आणखी सरकवला.

मग चंद्रप्रभानं डोळे पुसले, आणि त्याच वळणदार अक्षरात, या खेपेला शाईनं, शारदाचं नाव लिहिलं.